रिकाम्या जागेशेजारी

हे सावकाश वाचायचं आहे. मधेच थांबावंसं वाटलं तर थांबा, मजकूर कुठे पळून जात नाही. ज्या जागी आपण मनाने निघालो आहोत तिथे घाईने शिरलेल्या माणसाला फार थोडं दिसतं, कारण तिथे दाखवण्यासाठी मुळात फार थोडंच ठेवलेलं आहे.

जपानच्या मिए प्रांतात इसे नावाचं शहर आहे. सूर्यदेवी आमातेरासुचं देवस्थान तिथे आहे, आणि शिंतो, म्हणजे जपानच्या देशी देवपरंपरेच्या, सुमारे ८०,००० देवस्थानांत त्याचा मान सर्वांत वरचा. पहाटे पाचला आत सोडायला सुरुवात होते. तीच वेळ धरू या. समोर इसुझु नदी, तिच्यावर शंभर मीटरहून किंचित लांब लाकडी पूल. पुलाच्या दोन्ही टोकांना एकेक तोरी, म्हणजे दोन उभे खांब आणि वर दोन आडव्या तुळया. रंग नाही, कोरीवकाम नाही, दार नाही, कडी नाही. अडवणारं काहीही नसताना माणसं तिथे थांबतात, कंबरेतून वाकतात आणि मगच पुढचं पाऊल टाकतात. तुम्हीही थांबा. वाका. मग पुलाच्या उजव्या कडेने चालायला लागा. मधली वाट देवाची मानतात, आपण कडेने जायचं.

पूल संपला की खडीची रुंद वाट लागते. खडीवर पाऊल पडलं की आवाज होतो, आणि थोड्या वेळाने लक्षात येतं की आपण स्वतःचं चालणं ऐकतो आहोत. भरभर चाललात तर तो आवाज दाटीवाटीने येतो. चाल कमी करा. आवाज सुटा सुटा होऊ द्या. दोन्ही बाजूंना देवदारासारखी उंच सुगी झाडं आहेत. त्यांची खोडं हात फिरवून फिरवून लोकांनी गुळगुळीत केलेली, काहींना जपण्यासाठी भोवती बांबूच्या कांबी बांधलेल्या.

उजवीकडे वाट नदीत उतरते. १६९२ साली शोगुन (लष्करी सत्ताधीश) त्सुनायोशीच्या आईने, केइशोइनने, हा घाट दगडांनी बांधून घेतला असं सांगतात. लोक इथे हात धुतात. इतर बहुतेक देवस्थानांत नदी नसते, तिथे दगडी कुंड असतं आणि त्यावर लांब दांड्याच्या पळ्या. ती कृती नीट पाहण्यासारखी आहे. उजव्या हाताने पळीभर पाणी घ्यायचं, डावा हात धुवायचा. पळी डाव्या हातात घेऊन उजवा धुवायचा. पुन्हा उजव्या हातात घेऊन डाव्या ओंजळीत थोडं पाणी ओतायचं, त्याने चूळ भरायची, पळीला तोंड लावायचं नाही. डावा हात परत एकदा धुवायचा. हे सगळं त्या एका पळीभर पाण्यात बसवायचं. आणि शेवटी पळी उभी धरायची, म्हणजे तळाशी उरलेलं पाणी दांड्यावरून ओघळतं आणि आपण धरलेला दांडा पुढच्या माणसासाठी धुऊन निघतो.

हा शेवटचा भाग मला फार प्रिय आहे. पुढे कोण येणार हे ठाऊक नसतं. तो येईल एवढं मात्र धरलेलं असतं. मनातल्या मनात ती पळी हातात घ्या, उभी करा, आणि दांड्यावरून पाणी उतरू द्या. मग जागेवर ठेवा.

आता पायऱ्या. पायऱ्यांखालीच कॅमेरे बंद होतात. वर गेल्यावर एक दरवाजा आणि त्यावर पांढरा पडदा. देवळाभोवती एकामागे एक अशी चार लाकडी कुंपणं आहेत, आणि आपण अजून बाहेरच्याच बाजूला उभे. आत एक आरसा आहे असं परंपरा सांगते, आणि तो पाहायची मुभा कोणालाही नाही. कुंपणावरून दिसतो तो गवताने शाकारलेला छपराचा वरचा भाग, त्यातून आभाळात गेलेल्या फुलीसारख्या तुळया आणि आढ्यावर आडवे ठेवलेले दहा ओंडके. लाकूड उघडं, न रंगवलेलं. दोनदा वाकून नमस्कार, दोन टाळ्या, पुन्हा एक नमस्कार. इथे स्वतःसाठी काही मागायचं नाही अशी रीत आहे, आभार मानायचे. मागणं असेल तर ते मागच्या बाजूच्या वेगळ्या देवळात. मधूनच वाऱ्याने पडदा हलतो आणि लोकांना आनंद होतो. दिसत तरीही काही नाही.

इथे थोडा वेळ उभे राहा. एवढ्या लांबून आलो, वाकलो, धुतले हात, आणि समोर पडदा. आत काय आहे ते बघू द्या, असं मनाचा एक कोपरा म्हणेल. त्याला म्हणू द्या. थोड्या वेळाने तोही बसतो खाली.

आणि आता मान वळवून शेजारी पाहा, कारण मला ज्या गोष्टीपाशी तुम्हाला आणायचं होतं ती तिथे आहे. देवळाच्या लगत, त्याच मापाची, दुसरी जागा. तिथे देऊळ नाही. जमिनीवर गोटे पसरलेले, आणि त्यांच्यात एक बुटकी लाकडी खोपटी, एखादी पेटी झाकावी एवढी. बाकी सगळं मोकळं.

पूर्वी देऊळ तिथे होतं. २०१३ च्या ऑक्टोबरपर्यंत होतं. २०३३ साली पुन्हा तिथेच असेल, आणि आज ज्या जागेवर आहे ती जागा मोकळी झालेली असेल. दर वीस वर्षांनी इथे शेजारच्या जागेवर नवं देऊळ उभं राहतं, जुन्याच मापाने, जुन्याच पद्धतीने, नव्या हिनोकी लाकडाचं. पहिल्यांदा हे झालं ६९० साली, सम्राज्ञी जितोच्या काळात. २०१३ चं नूतनीकरण बासष्टावं. नुसती इमारत नाही. देवीची वस्त्रं, तलवारी, धनुष्यं, आरसे, मागाची हत्यारं, असे ७१४ प्रकार आणि १,५७६ नग नव्याने बनवतात. त्या खोपटीखाली मागच्या देवळाच्या मध्यखांबाची जागा जपलेली असते.

रिकामी जागा पाहिली की आपण दोनच प्रश्न विचारतो: इथे काय होतं, किंवा इथे काय बांधता येईल. शहरात वाढलेल्यांना तर मोकळा भूखंड सहन होत नाही. इथे वीस वर्षं ती जागा तशीच पडून असते. कोणी बाकं टाकत नाही, बाग लावत नाही. गोट्यांतून गवत उगवलं तर उपटतात. ती जागा उद्याची आहे, आणि उद्याची जागा आजच भरायची नाही.

श्वास जसा येतो तसा येऊ द्या, आणि ह्या दोन जागा मनात शेजारी शेजारी ठेवा. एक भरलेली, एक मोकळी. दोन्ही एकाच देवीच्या. तुमच्या घरात, तुमच्या दिवसात अशी एखादी जागा आहे का, जिचं काम सध्या मोकळं राहणं एवढंच आहे? उत्तर लगेच नको. प्रश्न तिथे गोट्यांवर ठेवा आणि पुढे चला.

देवी एका घरातून दुसऱ्या घरात जाते ती रात्री. २ ऑक्टोबर २०१३ च्या रात्री आठ वाजता देवस्थानातले दिवे मालवले गेले. एका पुजाऱ्याने कोंबड्यासारखी बांग दिली, तीनदा. मग पांढऱ्या रेशमी पडद्याच्या आडोशात, पुजाऱ्यांच्या मिरवणुकीत, ती पवित्र वस्तू जुन्या देवळातून नव्या देवळात गेली.

कोंबडा कशाला, याची गोष्ट ७१२ साली लिहून झालेल्या कोजिकी ग्रंथात आहे. आमातेरासुचा भाऊ सुसानोओ उच्छाद मांडतो. शेतांचे बांध फोडतो, देवीच्या विणकाम चालणाऱ्या घरात सोललेला घोडा फेकतो. भेदरलेली, संतापलेली देवी गुहेत शिरते आणि दगड लावून घेते. जगावर रात्र पसरते. देव नदीच्या पात्रात जमून विचार करतात. आधी कोंबडे आरवायला लावतात. मग साकाकीचं झाड उपटून आणून त्यावर आरसा आणि मणी टांगतात. आणि मग उझुमे नावाची देवी एक टब पालथा घालते, त्यावर चढते आणि पाय आपटत नाचू लागते, वस्त्रांचं भान न ठेवता. लाखो देव खदाखदा हसतात. आत बसलेलीला राहवत नाही. मी नसताना हे हसतात कशाला, म्हणून ती दगड किंचित सरकवते. कोणीतरी आरसा पुढे करतं. तिला समोर झगझगीत काहीतरी दिसतं आणि ती आणखी थोडी पुढे वाकते. तेवढ्यात दाराआड दबा धरून बसलेला बलवान देव तिचा हात धरून बाहेर ओढतो, आणि दुसरा एक तिच्यामागे दोर ताणतो: आता परत आत जायचं नाही.

लहान मुलांना सांगायची गोष्ट म्हणून ती जपानभर सांगतात, मियाझाकी प्रांतातल्या ताकाचिहोमध्ये हिवाळ्याच्या रात्री मुखवटे घालून नाचून दाखवतात. मला तिच्यात एक गोष्ट थोर वाटते. अंधार पडला तेव्हा कोणी गुहेवर चाल करून गेलं नाही, कोणी देवीला दोषही दिला नाही. त्यांनी बाहेर असा आवाज केला की तिला यावंसं वाटलं. देवस्थानांत जुन्या झाडांना, खडकांना गवताचा जाड दोर बांधलेला आणि त्यावर कागदाच्या नागमोडी पट्ट्या लोंबणाऱ्या दिसतात, तो दोर त्या गुहेच्या दाराशी ताणलेल्या दोराची आठवण मानतात.

खुद्द देव ह्या कल्पनेकडेही जरा थांबून बघू. जपानीत त्याला कामी म्हणतात. इसेपासून जवळच्याच मात्सुसाका गावात मोतोओरी नोरिनागा (१७३०–१८०१) हा पंडित राहायचा. कोजिकीवर त्याने तीस-एक वर्षं काम केलं. त्याचं म्हणणं असं की जे जे सामान्याहून वेगळं, छातीत धडकी किंवा आदर भरवणारं, ते ते कामी. पर्वत, समुद्र, झाड, कोल्हा, वीज, माणूस. चांगलंच असेल असं नाही; दुष्ट आणि भयंकरही त्यात येतं.

म्हणून मिचिझानेची गोष्ट शक्य झाली. सुगावारा नो मिचिझाने हा नवव्या शतकातला विद्वान, कवी, मंत्री. दरबारातल्या कारस्थानाने ९०१ साली त्याला क्योतोहून दूर क्युशु बेटावरच्या दाझाइफुला धाडलं, आणि ९०३ साली तो तिथेच गेला. निघताना त्याने अंगणातल्या प्लमच्या झाडाचा निरोप घेतला, आणि ते झाड त्याच्या ओढीने एका रात्रीत उडत दाझाइफुला आलं अशी कथा आहे. तिथल्या देवळाच्या उजव्या हाताला ते झाड आजही दाखवतात. राजधानीत पुढे विरोधक मरू लागले, आणि ९३० साली राजवाड्यावर वीज पडून दरबारी माणसं दगावली. सगळ्यांना वाटलं, हा मिचिझानेच.

मग काय केलं? त्याला पळवून लावायचे मंत्र म्हटले असते तर ती ओळखीची गोष्ट झाली असती. ९४७ साली क्योतोत कितानो इथे त्याच्यासाठी देऊळ बांधलं. शिक्षा रद्द केली, पदं परत दिली. ९९३ साली, मरून नव्वद वर्षं झाल्यावर, सर्वोच्च मंत्रिपदसुद्धा दिलं. रागावलेल्याला घर दिलं. आणि हळूहळू, शेकडो वर्षांत, विजेचा तो भयंकर देव मुलांचा झाला, अभ्यासाचा झाला. आज परीक्षेच्या मोसमात त्याच्या देवळांत लाकडी पाट्यांचे घोस लटकतात, प्रत्येक पाटीवर कुणाचं तरी नाव आणि हव्या त्या शाळेचं किंवा विद्यापीठाचं नाव. मुलं तिथल्या बैलाच्या पुतळ्याच्या डोक्यावरून हात फिरवून जातात.

यापाशी बसण्यासारखं आहे. आपण ज्याच्यावर अन्याय केला तो आठवला की त्याला मनातून घालवायचा प्रयत्न करतो. इथे एका अख्ख्या समाजाने त्याला बोलावून घेतलं, छप्पर दिलं, दरवर्षी त्याची माफी मागितली. तुमच्या आठवणीत असा कोणी असेल तर त्याला क्षणभर दाराशी उभं राहू द्या. घालवू नका. आत या म्हणायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

रोजच्या आयुष्यात ही देवस्थानं फार साध्या रीतीने येतात. मूल महिन्याचं झालं की आजी त्याला कुशीत घेऊन घराजवळच्या देवळात नेते. तीन, पाच आणि सात वर्षांची मुलं नोव्हेंबरात किमोनो घालून येतात, हातात लांब गोळ्यांची, चित्रं काढलेली पिशवी. नव्या वर्षी एकट्या तोक्योतल्या मेइजी जिंगूत पहिल्या तीन दिवसांत तीस लाखांच्या आसपास माणसं येतात. चिठ्ठी ओढून भविष्य बघायचं, वाईट निघालं तर तिथेच दोरीला बांधून टाकायचं. ३० जूनला वर्षाचा अर्धा भाग सरतो, तेव्हा देवळापुढे गवताचं माणसाहून मोठं कडं उभारतात. त्यातून डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे असं वळसे घेत जायचं. आणि एक कागदाची माणसाच्या आकाराची पट्टी देतात. तिच्यावर नाव आणि वय लिहायचं, ती अंगावरून फिरवायची, तिच्यावर एक श्वास सोडायचा. सहा महिन्यांत जे काही मळ साचले ते तिने घेतले. मग ती पट्टी नदीत सोडतात किंवा जाळतात.

तो एक श्वास आता सोडून पाहा. लांब. तोंडाने. बस एवढंच.

लोककथा या देवस्थानांच्या कानाकोपऱ्यांत राहतात. क्योतोच्या फुशिमी इनारीला पारंपरिक गणतीने ७११ साली सुरुवात झाली. तिथे कोल्हे जागोजागी आहेत, तोंडात धान्याच्या कोठाराची किल्ली, भाताची लोंबी, मणी किंवा गुंडाळी धरलेले. कोल्हा देव नव्हे, भाताच्या देवाचा निरोप्या. २३३ मीटर उंचीच्या त्या डोंगरावर शेंदरी तोऱ्यांच्या रांगा लागल्या आहेत, इतक्या जवळजवळ की वाट बोगद्यासारखी होते. चढताना खांब कोरे दिसतात. उतरताना त्याच खांबांवर काळ्या अक्षरांत देणाऱ्याचं नाव आणि तारीख दिसते, कारण अक्षरं मागच्या बाजूला आहेत. खांब लाकडाचे, कुजतात, बदलावे लागतात, आणि नवा कोणी देणारा पुढे येतो.

इझुमोला जुन्या चांद्रपंचांगाच्या दहाव्या महिन्यात जपानभरचे देव जमतात. बाकीच्या प्रांतांत तो देव नसलेला महिना, इझुमोत देव असलेला. इनासाच्या किनाऱ्यावर रात्री शेकोटी पेटवून त्यांचं स्वागत होतं. देवळाच्या पूर्वेला आणि पश्चिमेला लांब चिंचोळ्या इमारती आहेत, एकेकीला एकोणीस दारं, ती पाहुण्या देवांची उतरायची जागा. वर्षभरात कोणाची गाठ कोणाशी पडणार हे ते बसून ठरवतात. तेवढे दिवस गावकरी गाणं-बजावणं, बांधकाम टाळत आले, देवांच्या बोलण्यात आवाज नको म्हणून.

आणि इसेचे कुत्रे. एदो काळात इसेची यात्रा हे सामान्य माणसाचं आयुष्यभराचं स्वप्न होतं. १८३० साली तर काही महिन्यांत चाळीस लाखांहून अधिक लोक लोटले, घरदार, मालकाची नोकरी सोडून. ज्यांना जमायचं नाही ते कधी आपल्या कुत्र्याला पाठवायचे. गळ्यात पैशांची पुरचुंडी. वाटेतली माणसं त्याला खाऊ घालायची, रात्रीपुरता आसरा द्यायची, पुढच्या यात्रेकरूंच्या सोबत लावून द्यायची. परतताना गळ्यात देवस्थानचा ताईत. हिरोशिगेच्या इसे-यात्रेच्या चित्रात असा कुत्रा आहे. ह्या कुत्र्याचा विचार केला की मला वाटेवरची माणसं दिसतात, एकमेकांना अनोळखी, त्या पुरचुंडीतलं नाणं न काढणारी, उलट त्यात भर घालणारी.

आपल्या ओळखीची एक देवीही तिथे पोचली आहे. सरस्वती बौद्ध सूत्रांबरोबर चीनमार्गे जपानला गेली, बेंझाइतेन झाली. हातात वीणेऐवजी बिवा आली, आणि पाण्याशी, सापाशी तिचं नातं घट्ट झालं. एनोशिमा बेटावर तिचं प्रसिद्ध स्थान आहे. शेकडो वर्षं बौद्ध आणि शिंतो एकाच आवारात नांदत होते. १८६८ साली मेइजी सरकारने दोन्ही वेगळे करायचा हुकूम काढला, तेव्हा अनेक ठिकाणी बेंझाइतेनच्या जागी इचिकिशिमाहिमे ही शिंतो देवी आली. मूर्ती फुटल्या, विकल्या गेल्या, काही लोकांनी लपवून ठेवल्या.

हा भाग टाळून पुढे जाणं बरोबर नाही. ज्या जागा गावांनी वाढवल्या त्या सरकारने आपल्या हाती घेतल्या, आणि पुढे सम्राटभक्तीच्या आणि युद्धाच्या कामाला लावल्या. १९०६ साली हुकूम निघाला: लहान देवस्थानं एकत्र करा. काही वर्षांत सुमारे ७०,००० देवस्थानं नाहीशी झाली. सर्वांत जास्त घाव बसला तो मिए प्रांतावर, म्हणजे इसेच्याच प्रांतावर, आणि शेजारच्या वाकायामावर. देवस्थान गेलं की मागचं रान विकायला मोकळं. शेकडो वर्षांचे कापूरवृक्ष तोडले गेले.

वाकायामातल्या तानाबे गावी मिनाकाता कुमागुसु राहत होता, जन्म १८६७चा. अमेरिका, इंग्लंड फिरलेला, ब्रिटिश म्युझियममध्ये वर्षानुवर्षं वाचत बसलेला, आणि जगातल्या सगळ्या गोष्टींपेक्षा झाडांच्या कुजक्या सालीवर वाढणाऱ्या श्लेष्मबुरशीवर प्रेम करणारा. त्याने लिहायला सुरुवात केली. एक देवराई गेली की फक्त झाडं जात नाहीत. कीटक जातात, पक्षी जातात, ते गेले की शेतात किडी वाढतात. आणि गावाला एकत्र यायची जागाच उरत नाही. १९१० साली हुकमाचं समर्थन करणाऱ्या अधिकाऱ्याच्या सभेत तो घुसला, पिशवी भिरकावली, आणि अठरा दिवस तुरुंगात राहिला. तुरुंगातही त्याला श्लेष्मबुरशीचा एक नमुना सापडला. त्याची पत्रं लोककथांचा अभ्यासक यानागिता कुनिओने छापून विद्वानांत वाटली. १९२० पर्यंत तो हुकूम मागे पडला. तोवर जे गेलं ते गेलं, पण काही वाचलं: नोनाकाचे काही महाकाय सुगी, तानाबेच्या खाडीतलं काशिमा बेट. १९२९ साली सम्राट त्या बेटावर आला, तेव्हा कुमागुसुने त्याला श्लेष्मबुरशीचे नमुने दिले, कॅरॅमलच्या गोळ्यांच्या खोक्यांत भरून.

कोकणात किंवा घाटमाथ्यावर देवराईत उभं राहिलेल्या माणसाला कुमागुसुचा राग वेगळा समजावून द्यावा लागत नाही. १९७०च्या दशकात वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास केला, आणि देवाच्या नावाने राखलेल्या रानात काय काय टिकून आहे ते नोंदवून ठेवलं.

मेइजी जिंगूचं रान मात्र माणसांनी लावलेलं आहे. १९२० साली देवस्थान उभं राहिलं, त्याआधी तिथे बरीचशी उघडी जमीन होती. देशभरातून सुमारे एक लाख झाडं लोकांनी पाठवली. आखणीच्या वेळी पंतप्रधान असलेल्या ओकुमा शिगेनोबु यांचा आग्रह होता की निक्कोसारखे सुगी लावा, देवस्थानाला तेच शोभतात. होंदा सेइरोकु, होंगो ताकानोरी, उएहारा केइजी हे वनशास्त्रज्ञ अडून बसले: तोक्योच्या मातीत आणि धुरात सुगी जगणार नाहीत. त्यांनी ओक, शिई, कापूर अशी रुंद पानांची सदाहरित झाडं निवडली, आणि दीडशे वर्षांत हे रान आपलं आपण उगवणारं कसं होईल याचा आराखडा काढला. तिथे आजही वाटा झाडणारा माणूस असतो, हातात लांब झाडू. पडलेली पानं तो गोळा करतो आणि झाडांखाली परत टाकतो. रानातलं काही बाहेर न्यायचं नाही, एवढाच नियम.

१९४५च्या डिसेंबरमध्ये शिंतो आणि सरकार यांची फारकत झाली, आणि देवस्थानं पुन्हा गावांच्या, भक्तांच्या पदरी पडली.

परत इसेला या, पण आता देवळाच्या मागच्या डोंगरावर. देवस्थानचं स्वतःचं रान सुमारे ५,५०० हेक्टर आहे. जुन्या काळी ते सरपणासाठी उजाड झालं, आणि पुढे लाकूड मुख्यतः किसोच्या खोऱ्यातून येऊ लागलं. १९२३ साली दोनशे वर्षांची योजना आखली गेली, आणि डोंगरावर हिनोकी लावायला सुरुवात झाली. २०१३च्या देवळासाठी साधारण चौथाई लाकूड ह्या रानातून आलं, काही शतकांत पहिल्यांदाच. निवडलेल्या झाडांच्या खोडावर पांढऱ्या रंगाचा पट्टा ओढतात. एक पट्टा म्हणजे खांब-तुळयांना चालेल. दोन पट्टे म्हणजे याला दोनशे वर्षं वाढू द्यायचं. ज्याने हे दोन पट्टे ओढले त्याच्या पणतवंडालाही ते झाड कापायला यायचं नाही.

आणि जुनं देऊळ उतरवलं की त्याचं लाकूड फिरायला निघतं. आढ्याला आधार देणारे सर्वांत मोठे खांब वीस वर्षांनी पुलाच्या तोऱ्या होतात. आणखी वीस वर्षांनी ते जुन्या तोकाइदो मार्गावरच्या कुवाना आणि सेकी इथे तोऱ्या होऊन उभे राहतात. त्यानंतरही लाकूड दुसऱ्या देवस्थानांना देतात. १९९५च्या भूकंपात पडझड झालेल्या कोबेच्या इकुता देवस्थानाची तोरी इसेच्या लाकडातूनच पुन्हा उभी राहिली. खांबाचं आयुष्य मनात मोजा, दर टप्प्याला एक श्वास घ्या: झाड, खांब, तोरी, पुन्हा तोरी, आणि मग अनोळखी गावातलं कुणाचं तरी दार.

हे सगळं अखंड चाललं असं मात्र नाही. इसेत मुख्य देवळं दोन, आतलं आणि बाहेरचं; आपण उभे होतो ते आतल्या देवळापाशी. पंधराव्या शतकात यादवी युद्धांनी देश पोखरला, पैसा आटला, आणि बाहेरच्या देवळाचं नूतनीकरण १४३४ नंतर, आतल्या देवळाचं १४६२ नंतर थांबलं. देवळं मोडकळीला आली. शेजारची जागा मोकळीच राहिली, वीस वर्षं, चाळीस वर्षं, शंभर वर्षं. ज्यांनी आधीचं देऊळ बांधलं होतं ते मेले, ज्यांनी बांधताना पाहिलं होतं तेही मेले.

पुन्हा सुरुवात केली ती एका बौद्ध भिक्षुणीने. तिचं नाव सेइजुन, इसेतल्या केइकोइन मठाची प्रमुख. ती गावोगाव फिरून वर्गणी गोळा करत राहिली, आणि १५६३ साली, १२९ वर्षांनी, बाहेरचं देऊळ नव्याने उभं राहिलं. इसेत बौद्ध भिक्षूंना आणि भिक्षुणींना देवळापुढे जाता येत नसे. त्यांच्यासाठी लांबून नमस्कार करायची वेगळी जागा होती. तिच्यानंतर मठाची प्रमुख झालेल्या शुयोने काम पुढे चालवलं, नोबुनागा आणि हिदेयोशी या सत्ताधारी सरदारांकडून पैसा मिळाला, आणि १५८५ साली दोन्ही देवळांचं नूतनीकरण एकाच वर्षी झालं. आता पुढच्या, त्रेसष्टाव्या नूतनीकरणाचे विधी २०२५ साली सुरू झाले आहेत. किसोच्या रानात कुऱ्हाडीने पहिली झाडं पाडून झाली आहेत.